शब्द, साक्ष आणि जपानी वृत्तपत्रें

एकाच देशांतील वृत्तपत्रें एका घटनेस निरनिराळीं नांवें देऊं लागलीं, म्हणजे तो वाद केवळ शब्दांचा राहत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत जपानी सैनिकांच्या उपभोगासाठीं कोरियन व इतर स्त्रियांना ठेवण्यांत आलें. त्यांना ‘सांत्वन-स्त्रिया’ असें सौम्य नांव मिळालें. त्यांच्याविषयीं जपानी पत्रांनीं केलेलें लिखाण या दृष्टीनें अभ्यसनीय आहे.

उदारमतवादी ‘आसाही’नें १९८२ सालीं योशिदा सेइजी या गृहस्थाची हकीगत छापिली. जेजू बेटावरून आपण स्त्रिया बळजबरीनें धरून नेल्या, असें तो सांगे. ती हकीगत खोटी असल्याचें मान्य करून लेख मागें घेण्यास ‘आसाही’ला २०१४ साल उजाडावें लागलें. हा विलंब अक्षम्य होय. राष्ट्राभिमानी ‘सान्केई’नें त्याच वर्षीं ‘इतिहासयुद्ध’ या नांवाची लेखमाला चालविली. परंतु १९९३ सालीं तिच्याही स्तंभांत योशिदाला मानाचें स्थान मिळालें होतें. ‘योमिउरी’नें तर आपल्या इंग्रजी पत्राच्या १९९२ ते २०१३ मधील ९७ लेखांतील ‘लैंगिक गुलाम’ व तत्सम वर्णनांबद्दल क्षमा मागितली.

आमचा आक्षेप येथेंच आहे. एक साक्षीदार खोटा निघाला, म्हणून सारा खटलाच खोटा ठरतो काय? १९९१ सालीं किम हाक-सुन या वृद्धेनें आपली कहाणी स्वमुखानें जगापुढें मांडिली. १९९३ च्या कोनो निवेदनांत खुद्द जपान सरकारनें सैन्याचा संबंध मान्य केला. योशिदाची हकीगत गळून पडली, तरी या गोष्टी जागच्या हलत नाहींत.

तथापि ‘योमिउरी’स एका बाबतींत श्रेय दिलेंच पाहिजे. याच पत्रानें २००५-०६ मध्यें युद्धाच्या जबाबदारीची दीर्घ चौकशी करून तोजोप्रभृति स्वकीय पुढाऱ्यांवर दोष ठेविला. तेव्हां पत्राचा पक्ष कळला, म्हणजे त्याची योग्यता कळली, असें समजणें बरें नव्हे. आपल्या पक्षास गैरसोयीचें सत्य तें छापतें कीं नाहीं, हीच आमच्या मतें खरी कसोटी. ‘आसाही’ तींत उशिरां उतरली. ‘योमिउरी’ एकदां उतरली व पुढें डळमळली. ‘सान्केई’नें मात्र ती दुसऱ्यांनाच लाविली.

त्या स्त्रियांपैकीं बहुतेक आज हयात नाहींत. आपणांस काय म्हणावें, हें सांगावयास त्या आतां येणार नाहींत. म्हणूनच त्यांच्याविषयीं लिहितांना शब्द तोलून वापरण्याचा भार लिहिणाऱ्यांवर अधिक आहे.