खाल्लेलं मुक्तिपत्र, चोरलेली पेन्सिल

गृहयुद्धापूर्वीच्या व्हर्जिनियातली रात्र. ऑगस्टस टाउनसेंड नावाचा काळा सुतार आपली गाडी घेऊन घराकडे निघालेला असतो. स्वतःच्या कमाईतून त्याने आधी स्वतःला, मग बायकोला आणि शेवटी मुलाला विकत घेऊन सोडवलेलं असतं. वाटेत गस्तवाले त्याला अडवतात. तो सवयीने खिशातून मुक्तिपत्र काढून पुढे करतो. गस्तवाल्यांपैकी एकजण, ट्रॅव्हिस, तो कागद तोंडात घालतो आणि चावून चावून खाऊन टाकतो. थोड्याच वेळात गुलामांचा एक व्यापारी तिथे येतो आणि ऑगस्टस विकला जातो.

एडवर्ड पी. जोन्स यांच्या ‘द नोन वर्ल्ड’ (२००३) या कादंबरीतला हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो, तो मारहाणीमुळे नव्हे. या प्रसंगात फारशी मारहाण नाहीच. काटा येतो तो एवढ्यासाठी की ज्याच्या जिवावर एक माणूस माणूस म्हणून वावरत होता, तो कागद दुसऱ्याच्या पोटात गेला आणि तिथेच सगळं संपलं. त्याचा हात, त्याची कारागिरी, शेजाऱ्यापाजाऱ्यांची ओळख, यातलं काहीच उपयोगाला येत नाही.

अमेरिकेत वंश, इतिहास आणि न्याय यांवर गेल्या शतकभरात ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. त्या ओळीने वाचत गेलं तर एक गोष्ट पुन्हापुन्हा हाताला लागते: यातल्या उत्तम कादंबऱ्यांचा खरा विषय कागद आहे. कोण लिहितं, कोणाबद्दल लिहितं आणि लिहिलेलं कोणाच्या कपाटात राहतं, हा त्यांचा विषय. गुलामगिरी चाबकावर चालली हे खरंच, पण ती खरेदीखतांवर, शिरगणतीवर, वृत्तपत्रातल्या जाहिरातींवर आणि वारसाहक्काच्या याद्यांवरही चालली. साउथ कॅरोलायनात गुलामाला लिहायला शिकवणं १७४० पासून कायद्याने गुन्हा होतं. म्हणूनच जी कादंबरी या कागदाशी दोन हात करते ती टिकते, आणि जी नुसती कोर्टातल्या भाषणावर विसंबते ती कालांतराने फिकी पडते.

आधी ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’बद्दल, कारण पुष्कळ वाचकांची सुरुवात तिथूनच होते. हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. लहानग्या स्काउटच्या नजरेतलं गाव विलक्षण जिवंत आहे, त्यात वाद नाही. पण ज्याच्यावर खोटा आरोप आहे तो टॉम रॉबिन्सन साक्षीच्या पिंजऱ्यात असतो तेवढाच आपल्याला भेटतो. तुरुंगात तो काय विचार करत होता, बायकोशी काय बोलला, पळायचा प्रयत्न करण्याआधीची रात्र त्याने कशी काढली, यातलं काहीही कादंबरीला ठाऊक नाही. न्याय मिळाला नाही याची हळहळ आहे, पण ती अॅटिकस फिंच या सज्जन गोऱ्या वकिलाच्या अंगणात बसून केलेली हळहळ आहे. २०१५ साली लींचं आधीचं हस्तलिखित ‘गो सेट अ वॉचमन’ या नावाने छापलं गेलं. त्यात मोठी झालेली स्काउट बापाच्या कागदांत वंशद्वेषाचं एक चोपडं बघते आणि हादरते. कादंबरी म्हणून ते पुस्तक विस्कळीत आहे. तरीही पहिल्या पुस्तकाने टाळलेला प्रश्न त्यात विचारलेला आहे, आणि लाडक्या अॅटिकसला धक्का लागला म्हणून रुसलेल्या वाचकांनी तो नीट ऐकला नाही.

टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ची (१९८७) गोष्टही एका कात्रणातूनच निघाली. मॉरिसन त्याआधी रँडम हाउसमध्ये संपादक होत्या. १९७४ साली निघालेल्या ‘द ब्लॅक बुक’ या संकलनाचं काम करताना मार्गारेट गार्नरची हकिगत त्यांच्यासमोर आली. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट केंटकीतून कुटुंबासह गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पोचली. पाठलाग करणाऱ्यांनी घर वेढलं, तेव्हा पोर पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिने स्वतःच्या लहान मुलीचा गळा चिरला. पुढचा खटला जगाच्या इतिहासातल्या अत्यंत क्रूर खटल्यांपैकी एक म्हणावा लागेल. तिच्यावर खुनाचा खटला भरावा, असा गुलामगिरीविरोधी मंडळींचा आग्रह होता. खून माणूसच करू शकतो. खटला उभा राहिला असता तर ती माणूस ठरली असती. निकाल मात्र पळालेल्या गुलामांच्या १८५० च्या कायद्याप्रमाणे लागला आणि ती मालमत्ता म्हणून मालकाकडे परत गेली. खुनी म्हणून उभं राहण्याचा अधिकारसुद्धा तिला मिळाला नाही.

मॉरिसन यांनी हा खटला कादंबरीत आणलाच नाही, आणि हाच त्यांचा सर्वांत मोठा निर्णय. मार्गारेटवर बेतलेली नायिका सेथी तुरुंगात जाऊन येते, पण कादंबरीला कोर्टाशी कर्तव्य नाही. तिचं लक्ष त्यानंतरच्या घराकडे आहे. कादंबरीतल्या दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक म्हणजे थडग्याचा दगड. मेलेल्या मुलीच्या दगडावर नाव कोरायला सेथीकडे पैसे नाहीत, म्हणून कोरणाऱ्याला दहा मिनिटं शरीर देऊन ती सात अक्षरं मिळवते. आणखी दहा मिनिटं दिली असती तर आणखी एक शब्द मिळाला असता का, हा हिशेब तिच्या डोक्यातून कधी जात नाही. दुसरी गोष्ट शाईची. आधीच्या मळ्यावरचा ‘स्कूलटीचर’ आपल्या विद्यार्थ्यांना सेथीचे माणसासारखे गुण एका बाजूला आणि जनावरासारखे दुसऱ्या बाजूला लिहायला सांगतो, आणि ज्या शाईने ते लिहितात ती शाई सेथीनेच बनवलेली असते. छळाचं पानभर वर्णन जे करू शकलं नसतं, ते ही शाई करते.

जोन्स याच्या पुढची पायरी चढतात. ‘द नोन वर्ल्ड’मधली मँचेस्टर काउंटी काल्पनिक आहे, तरी कादंबरीभर शिरगणतीचे आकडे, नोंदी, इतिहासकारांचे दाखले पेरलेले आहेत, आणि तेही काल्पनिकच. ऑगस्टसने सोडवलेला मुलगा हेन्री मोठा होऊन स्वतःच गुलामांचा मालक होतो, ही या कादंबरीची सर्वांत अवघड आणि सर्वांत प्रामाणिक गाठ. असे काळे मालक थोडे का होईना, खरोखर होते. व्यवस्था नुसत्या दुष्टांवर चालत नाही, ती सोडवलेल्यालाही आपल्या वहीत ओढून घेते, हे जोन्स एकदाही आवाज न चढवता दाखवतात. हेन्रीच्या मळ्यावर अॅलिस नावाची बाई आहे. खेचराने डोक्यात लाथ मारल्यामुळे ती वेडी झाली आहे असं सगळे धरून चालतात, म्हणून रात्री भटकताना तिला कोणी अडवत नाही. ती शेवटी वॉशिंग्टनला पोचते आणि कापड, माती, रंग वापरून त्या मळ्याचा भिंतभर नकाशा तयार करते. त्यात एकही झोपडी, एकही माणूस सुटलेला नाही. पुरलेलेही आपापल्या थडग्यापाशी उभे आहेत. सरकारी शिरगणतीला जे जमलं नाही ते वेडी ठरवलेल्या बाईने केलं. गेल्या पाव शतकातली या विषयावरची सर्वश्रेष्ठ कादंबरी कोणती असं विचारलं, तर उत्तर हेच. ‘बिलव्हेड’ इतकी ती वाचली जात नाही, याचं वाईट वाटतं.

दुसऱ्याचा आवाज घेऊन बोलण्याचा प्रश्न मात्र सोपा नाही. १८३१ साली साउदॅम्प्टन काउंटीत नॅट टर्नरने गुलामांचं बंड केलं. फाशीपूर्वी तुरुंगात त्याचा ‘कबुलीजबाब’ थॉमस ग्रे या गोऱ्या वकिलाने लिहून घेतला आणि छापला. त्याच नावाने, टर्नरच्या तोंडून, विल्यम स्टायरन यांनी १९६७ मध्ये कादंबरी लिहिली. तिला पुलित्झर मिळालं आणि १९६८ मध्ये दहा कृष्णवर्णीय लेखकांनी मिळून तिच्याविरुद्ध आख्खं पुस्तक काढलं. गोऱ्या मुलीबद्दलची वासना टर्नरच्या बंडाच्या मुळाशी आणून बसवली, हा मुख्य आक्षेप होता. तो आक्षेप आज वाचतानाही रास्त वाटतो. गोऱ्याने काळ्याबद्दल लिहू नये, असा त्याचा अर्थ नाही. एका गोऱ्या वकिलाच्या कागदातला माणूस बाहेर काढायचा, तर तो दुसऱ्या साच्यात कोंबून कसं चालेल, एवढाच त्याचा अर्थ.

पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’ (२०२४) या वादाला दिलेलं उशिराचं, पण धारदार उत्तर आहे. मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’मधला जिम इथे स्वतः बोलतो. तो मुलांना शिकवणी देतो ती मोडकं-तोडकं बोलायची, कारण गोऱ्यांसमोर शुद्ध बोलणं जिवावर बेतू शकतं. त्याला लिहायचं असतं, म्हणून जॉर्ज नावाचा एक तरुण गुलाम त्याच्यासाठी पेन्सिलीचा तुकडा चोरतो. त्या चोरीपायी जॉर्जला फटके खावे लागतात आणि अखेर जीवही गमवावा लागतो. पुढे पानोपानी जेम्स खिसा चाचपतो, पेन्सिल आहे ना हे बघतो. आणि लिहितो कशावर? तोंडाला काळं फासून गाणाऱ्या गोऱ्यांच्या मेळ्यातून पळवलेल्या गाण्यांच्या वहीवर. कादंबरीने अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार आणि २०२५ चं पुलित्झर मिळवलं, ते योग्यच झालं. एक खोट मात्र सांगायलाच हवी. जिम आणि हक यांच्यात एव्हरेट रक्ताचं नातं आणतात. ट्वेनचा हक एका परक्या माणसासाठी नरकात जायला तयार होतो, त्यातच त्या निर्णयाची उंची होती. नातं आलं की ती उंची कमी होते.

एव्हरेट यांचीच ‘द ट्रीज’ (२०२१) जास्त धाडसी. १९५५ मध्ये मिसिसिपीतल्या मनी या गावी शिकागोहून आलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलला दोन गोऱ्यांनी ठार मारलं. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने सुमारे तासाभरात त्यांना निर्दोष सोडलं, आणि पुढे त्याच दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची हकिगत सांगितली. या खुनाच्या सावलीत घडणाऱ्या कादंबरीत ‘मामा झेड’ नावाची वृद्ध बाई आहे. तिच्या घरी कपाटंच्या कपाटं भरून फायली आहेत, लिंच झालेल्या, म्हणजे जमावाने ठार मारलेल्या, प्रत्येक माणसाची एक. संशोधक डेमन ती नावं पेन्सिलीने एकेक करून लिहीत जातो. सगळी लिहून झाली की तो ती खोडून टाकणार आहे, म्हणजे ती माणसं सुटतील. एक प्रकरण म्हणजे नुसती नावांची यादी. लिंचिंग हा संघराज्य पातळीवर स्वतंत्र गुन्हा ठरवणारा, टिलच्या नावाचा कायदा मार्च २०२२ मध्ये झाला. कादंबरी त्याच्या आधीच छापून आली होती.

मराठी वाचकाला हा कागदांचा झगडा परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंची दास्यातून सुटका करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉईस यांना पत्र लिहिलं आणि अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मागवल्या. १९७२ च्या दलित पँथरने नावच ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडून घेतलं. मराठीत तो धागा प्रामुख्याने कवितेत आणि ‘बलुतं’सारख्या (१९७८) आत्मकथनांत विणला गेला. दप्तरखान्यातले कागद उलटेपालटे करून, गहाळ नोंदींच्या जागी कल्पनेने माणसं उभी करणारी कादंबरी मराठीत अजून खूप लिहायची आहे. त्यासाठीसुद्धा जोन्स आणि मॉरिसन वाचायला हवेत.

बाजाराचा धोकाही आहे. गुलामगिरी आणि दुःख एवढंच काळ्या लेखकाने विकावं, ही प्रकाशकांची अपेक्षा एव्हरेट यांनी ‘इरेजर’मध्ये (२००१) उघडी पाडली होती. कोल्सन व्हाइटहेड यांची ‘द अंडरग्राउंड रेलरोड’ (२०१६) काही ठिकाणी या सापळ्याजवळ जाते. प्रत्येक राज्य म्हणजे छळाची एक वेगळी कल्पना, आणि त्या कल्पनांच्या गर्दीत नायिका कोरा अधूनमधून हरवते. पण प्रकरणांच्या आरंभी पळालेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती येतात, त्यातल्या बऱ्याच खऱ्या वृत्तपत्रांतल्या. शेवटची जाहिरात कोराची, लेखकाने रचलेली. मालकाची भाषा त्या एका जाहिरातीत पूर्ण उलटते.

व्हाइटहेड यांचीच ‘द निकेल बॉइज’ (२०१९) मात्र निर्दोष बांधणीची आहे. फ्लॉरिडात मारियाना इथे १९०० पासून २०११ पर्यंत मुलांसाठी एक सुधारगृह चाललं. सरकारी नोंदींत तिथली ३१ थडगी होती. विद्यापीठातल्या संशोधकांनी खणून पाहिलं तेव्हा ५५ दफनं सापडली. कादंबरीतला एलवूड हा अभ्यासू मुलगा चुकून चोरीच्या गाडीत बसला म्हणून अशाच सुधारगृहात येतो. मुलांच्या वाटणीचा शिधा बाहेर कोणाकोणाला विकला जातो याची तो वहीत तारीखवार नोंद ठेवतो आणि ती तपासनिसांपर्यंत पोचते. त्याला वाटतं, लिहिलेलं वाचलं की न्याय होतो. ती नोंदच त्याच्या जिवावर उठते.

एलवूड लहानपणी ज्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात वाढला, तिथे तो एक खेळ खेळायचा: दार उघडलं की भोजनगृहात डोकावायचं आणि एखादा काळा माणूस गिऱ्हाईक म्हणून बसलेला दिसतो का ते बघायचं. तो कधीच दिसला नाही. कित्येक दशकांनी त्याचा मित्र टर्नर, जो त्याचंच नाव लावून जगला, साक्ष द्यायला टॅलाहसीला येतो. तो एका नूतनीकरण झालेल्या हॉटेलात उतरतो. ही ती जागा आहे हे त्याला ठाऊक नाही. भूक लागलेली असते, भोजनगृह दिवसभर उघडं असतं, म्हणून तो एका टेबलाशी जाऊन बसतो.