सिंधुदुर्गावर सांगितली जाणारी बखर : एक परीक्षण

त्रैमासिकाच्या या पृष्ठांवर सामान्यतः ग्रंथांचें परीक्षण होतें. आज आम्ही ज्या कृतीचें परीक्षण करणार आहों, ती छापलेली नाहीं व लिहिलेलीही नाहीं. तरी तिचा श्रोतृवर्ग आमच्यासारख्यांच्या कोणत्याही ग्रंथाच्या वाचकवर्गापेक्षां मोठा आहे. मालवणच्या धक्क्यावरून होडींत बसून कुरटे बेटावर उतरलें, कीं सिंधुदुर्गाच्या महाद्वाराशीं माहितगार, म्हणजे हल्लींच्या बोलण्यांतले 'गाइड', भेटतात. ते ठराविक मोबदला घेऊन मंडळीस किल्ला दाखवितात, व दाखवितां दाखवितां जी कथा सांगतात ती ही कृति होय. खाजगी सहली काढणारे आतां आपला माणूस बरोबरही आणतात. तोही थोड्या फरकानें तीच कथा सांगतो. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांस युनेस्कोच्या जागतिक वारसा-यादींत स्थान मिळालें, त्यांत सिंधुदुर्ग आहे. अर्थात् या कथेचे श्रोते यापुढें वाढणार, आणि जी कथा पुष्कळांनीं ऐकली ती इतिहास म्हणून कायम होणार. म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणें संशोधकांस शोभणार नाहीं.

गेल्या माघांत बिद्रीहून निघालेल्या एका मंडळीबरोबर राधानगरी, फोंडाघाट, कणकवली या मार्गानें आम्ही मालवणास गेलों. दोन दिवसांत तीन निरनिराळ्या माहितगारांबरोबर आम्हीं किल्ला पाहिला, व प्रत्येकाचें कथन घरीं आल्यावर टिपून काढलें. पोथीच्या तीन प्रती ताडून पाहाव्या, तसें हें काम केलें आहे. तीनही प्रतींचा मूळ पाठ एक आहे; पाठभेद आहेत ते बहुधा आंकड्यांचे.

प्रथम गुण सांगणें न्याय्य होईल. पहिल्या माहितगारानें होडी किल्ल्याजवळ आल्यावर तांडेलास ती क्षणभर थोपविण्यास सांगितलें आणि विचारलें, "दरवाजा कुठं आहे, दाखवा बघू." तटाच्या वळणांत दडलेलें महाद्वार कोणासही दिसेना. दुर्गरचनेवरील चार पृष्ठें वाचून जें कळणार नाहीं, तें त्या क्षणीं मुलांस देखील कळलें. बेटाभोंवतीं पाण्याखालीं दडलेले खडक, त्यांतून होडी नेण्याची वाट, भरतीओहोटीचे वेळीं बदलणारा उतार, ही माहिती या लोकांच्या हाडींमासीं खिळली आहे. असल्या गोष्टींत त्यांचें वचन आम्ही प्रमाण मानतों. दोष आरंभ होतो तो डोळ्यांस दिसणाऱ्या वस्तूपासून कथा दूर गेली म्हणजे.

पहिला दोष संख्यांचा. बुरुज ४२ असें आम्हीं छापलेलें वाचलें होतें. किल्ल्यावर ५२ ऐकले. वास्तविक या वादाचा निकाल तटावरून चालत जाणारा कोणीही मनुष्य एका सकाळींत लावूं शकेल. परंतु खर्चाच्या आंकड्याचें तसें नाहीं. किल्ल्यास एक कोटि होन लागले, हें वाक्य तीनही प्रतींत निरपवाद आढळलें. आतां इ. स. १६७१-७२ मधील तजविजीचा जो कागद प्रसिद्ध आहे, तो याच्याशेजारीं ठेवून पाहावा. त्यांत महाराजांनीं गडकोटांच्या इमारतकामासाठीं एकूण १,७५,००० होन नेमले असून कोणत्या गडास किती, याची यादी दिली आहे. रायगडास ५०,०००, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग व सुवर्णदुर्ग यांस प्रत्येकीं १०,०००, मनोहरगडासारख्या लहान जागेस १,०००. ही रक्कम सिंधुदुर्गाच्या मूळ बांधकामाची नव्हे, हें उघड आहे. तें काम नोव्हेंबर १६६४ मध्यें सुरू होऊन १६६७ पर्यंत झालें होतें. तेव्हां १०,००० होनांत किल्ला उभा राहिला, असें या कागदावरून म्हणणें ही दुसऱ्या टोंकाची चूक होईल. परंतु प्रमाण कळण्यास हा कागद पुरेसा आहे. सर्व गडांसाठीं मिळून नेमलेल्या रकमेच्या सत्तावन्न पट द्रव्य एकाच किल्ल्यावर खर्च झालें, असें मानण्यास फार बळकट पुरावा पाहिजे. आणि तसा तो कोणी दाखविलेला नाहीं.

हे कोटींचे आंकडे माहितगारांनीं स्वतः निर्माण केले, असा आरोप आम्ही करीत नाहीं. ही बखरींची जुनी खोड आहे. सभासदानें राज्याभिषेकास एक कोटि बेचाळीस लक्ष होन लागल्याचें लिहिलें आहे, व तो आंकडाही अनेक संशोधकांस मान्य नाहीं. सभासदाचा मजकूर घेऊन अठराव्या शतकांत चित्रगुप्तानें जी बखर वाढविली, तींत सिंधुदुर्गाचें वर्णन विस्तृत व अलंकारिक आहे. किल्ल्यावर आज जी कथा चालते, तिचें वळण तेथलें आहे. म्हणजे माहितगार हा बखरकाराचाच वंशज ठरतो. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें साधनांचा पहिला खंड काढला तेव्हां बखरींपेक्षां अस्सल पत्रांवर भर देण्याचा जो दंडक घातला, तोच या तोंडी बखरीसही लावला पाहिजे. एक कोटीच्या आंकड्यानें महाराजांचा मोठेपणा वाढत नाहीं. एकेका गडास किती होन द्यावयाचे हें यादी करून ठरविणारा हिशेबी राजा मात्र त्या आंकड्याच्या आड दिसेनासा होतो.

दुसरा दोष काळाचा. किल्ल्यांतील श्रीशिवराजेश्वराचें देऊळ राजाराम महाराजांनीं १६९५ मध्यें बांधलें, अशी परंपरा आहे. आम्हांस सांगण्यांत आलें, कीं महाराज स्वतः येथें आले व त्यांनीं हातानें मूर्तीची स्थापना केली. परंतु राजाराम महाराज १६८९ च्या अखेरीस जिंजीस पोहोंचले ते १६९८ च्या आरंभींच महाराष्ट्रांत परतले. १६९५ मध्यें ते सिंधुदुर्गावर असणें शक्य नाहीं. त्यांच्या आज्ञेनें, येथील कारभार पाहणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांसारख्या मनुष्याच्या हातून, देऊळ झालें असेल. परंपरेंत तेवढें सत्य असूं शकेल. आणि विचार केला तर ही हकीकत अधिक हृदयस्पर्शी नाहीं काय? शेंकडो कोस दूर, मोगलांनीं वेढलेल्या किल्ल्यांत बसलेला पुत्र पित्याचें देऊळ समुद्रांतल्या बेटावर उभें करवितो. त्याच सुमारास त्याच जिंजींत सभासद पित्याचें चरित्र लिहितो. २०२५ च्या त्या यादींत जिंजीचेंही नांव आहे, हें जातां जातां सांगतों.

तिसरा दोष चमत्काराचा. दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींचें गोडें पाणी सर्वांस दाखवितात, व समुद्राच्या मध्यें गोडें पाणी हा दैवी प्रसाद असें सांगतात. पावसाचें पाणी बेटाच्या जमिनींत मुरून, हलकें असल्यामुळें, खाऱ्या पाण्याच्या वर राहतें, ही गोष्ट कोंकणच्या किनाऱ्यावरील मनुष्यास नवी नाहीं. श्रद्धेचा उपमर्द करण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्रांत गडावरील पाण्याविषयीं जो विचार आहे, तो एखाद्या माहितगारानें या विहिरींच्या कांठीं सांगावा, असें आम्हांस फार वाटतें. जागा पाहतांना आधीं पाणी पाहावें. झरा असला तरी तेवढ्यावर विसंबूं नये, कारण तोफांच्या धक्क्यानें झरे आटतात. म्हणून टांकीं बांधून ठेवावीं, असा त्याचा आशय आहे. या तीन विहिरींचें महत्त्व चमत्कारापेक्षां या शहाणपणानें अधिक पटतें.

येथपर्यंतचे दोष दुरुस्तीचे आहेत. चौथा दोष लोपाचा आहे, आणि हा लेख आम्हीं मुख्यतः त्याच्याचसाठीं लिहिला. तीनही कथनें १६६७ पर्यंत येऊन थांबतात. आमच्या मंडळींतील सातवींतल्या एका मुलानें विचारलें, "काका, मग त्यानंतर इथं कोण होतं?" माहितगार हंसून म्हणाला, "मग इंग्रज आले, बाळा." १६६७ पासून १८१२ पर्यंतचीं १४५ वर्षें त्या एका वाक्यांत बुडालीं. मुलगा आमच्याकडे वळला. तेव्हां आमचीही त्रेधा उडाली. चार सनांपलीकडे आम्हांस त्यास कांहीं सांगतां येईना.

तीं वर्षें कोणाचीं होतीं? अर्ध्याहून अधिक काळ तीं करवीरचीं होतीं. म्हणजे ज्या भूमींतून तो मुलगा आला होता तिचीं. १७३१ च्या वारणेच्या तहानें सातारा व करवीर यांच्या हद्दी ठरल्या, त्यानंतरही मालवण करवीरकरांकडेच राहिलें. मालवणच्या आरमाराविषयीं मुंबईकर इंग्रजांच्या तक्रारी चालू होत्या. १७६५ मध्यें त्यांनीं सिंधुदुर्ग घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांव दिलें. जिजाबाई राणीसाहेब त्या वेळीं करवीरचा कारभार पाहत होत्या. त्यांच्याशीं तह होऊन पुढील वर्षीं द्रव्याच्या मोबदल्यांत किल्ला परत मिळाला. शेवटीं १८१२ च्या तहानें तो कायमचा इंग्रजांकडे गेला. एका विधवा राणीनें गेलेला सिंधुदुर्ग परत मिळविला, ही गोष्ट किल्ल्यावर कोणी सांगत नाहीं. आणि ऑगस्टस या नांवाचा तेथें उच्चारही होत नाहीं.

असें सिंधुदुर्गावरच होतें असें नाहीं. राजपुरीच्या किनाऱ्यावरून जंजिऱ्यास नेणाऱ्या होडींत बावीस एकर, बावीस वर्षें, बावीस बुरुज अशी बाविसांची माळ ऐकावयास मिळते. कथेस अनुप्रास हवा असतो व इतिहास त्यास बळी पडतो. घारापुरीच्या मुख्य लेण्यांतील त्रिमुख मूर्ति ही ब्रह्मा, विष्णु व महेश यांची नसून एकट्या महेशाची आहे, असें टी. ए. गोपीनाथराव यांनीं १९१४-१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या मूर्तिशास्त्रावरील ग्रंथांत दाखविलें. शंभर वर्षें लोटलीं; त्रिमूर्ति हें नांव अद्याप तेथें ऐकूं येतें.

ही शंभर वर्षें कोणाच्या खातीं मांडावयाचीं? आमच्या मतें माहितगारांच्या नव्हे. पावसाळ्यांत होड्या बंद, आणि उरलेल्या महिन्यांत दिवसाकांठीं तीच फेरी अनेक वेळां, असा ज्याचा उदरनिर्वाह, तो आमच्या त्रैमासिकाचे अंक केव्हां वाचणार? आणि वाचले तरी आमची भाषा त्यास कितपत कळणार? आम्हीं कागद शोधले, वाचले, छापले, आणि एकमेकांस वांटले. धक्क्यापर्यंत त्यांतलें एक पानही आम्हीं पोहोंचविलें नाहीं. मल्लिनाथानें आपल्या टीकेच्या आरंभीं प्रतिज्ञा केली आहे, कीं मुळांत नाहीं तें लिहिणार नाहीं व अनपेक्षित तें बोलणार नाहीं. किल्ला हा मूळ ग्रंथ मानला, तर माहितगार हा त्याचा टीकाकार. त्यानें प्रतिज्ञा पाळावी ही अपेक्षा योग्य आहे. परंतु शुद्ध प्रत त्याच्या हातीं देणें हें काम आमचें होतें.

तेव्हां आम्ही दोन सूचना करितों. पहिली संस्थेस : सिंधुदुर्गासंबंधीं सोळा पृष्ठांची एक पुस्तिका सोप्या मराठींत छापून माहितगारांस विनामूल्य द्यावी. तींत प्रत्येक गोष्टीपुढें 'कागदांत आहे', 'बखरींत आहे' अथवा 'लोक सांगतात' एवढेंच लिहावें. लोक सांगतात तें सांगण्यास आमची मुळींच हरकत नाहीं. चुन्यांत उमटलेला महाराजांचा हात व पाय दाखवितांना माहितगाराचा स्वर जसा नम्र होतो, तो कोणत्याही टिपणानें नाहींसा करूं नये. मात्र लोकवार्ता लोकवार्तेच्या नांवानें सांगितली जावी.

दुसरी सूचना संग्राहक मित्रांस. करवीरच्या पुरालेखागारांतील दप्तरें सुरक्षित आहेत. आम्हांस चिंता आहे ती घरांतील रुमालांची. कोल्हापूर, कागल, भुदरगड, राधानगरी या बाजूच्या जुन्या घरांतून मालवण, आरमार, किल्ल्याचे नेमणूकदार यांविषयींचे सुटे कागद असण्याचा संभव आहे. 'शिवकालीन नाहीं' एवढ्याच कारणानें असा कागद बाजूस टाकणारे संग्राहक आम्हीं पाहिले आहेत, आणि एके काळीं आम्हीही त्यांतलेच होतों. १६६७ नंतरचा असा एक जरी कागद कोणाच्या संग्रहीं असला, तरी त्याची नक्कल त्रैमासिकाकडे पाठवावी. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर अद्याप द्यावयाचें राहिलें आहे.

बिद्री, जिल्हा कोल्हापूर.