रिकाम्या चौकटीचे काय होते?

वर्ड प्रोसेसरमध्ये तक्त्याचा साधा मजकूर करण्याची आणि मजकुराचा पुन्हा तक्ता करण्याची सोय असते. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ती आहे, लिबरऑफिस रायटरमध्येही आहे. संगणक शिकवणाऱ्या पुस्तकांत तिला सहसा चार ओळी मिळतात : मजकूर निवडा, अमुक ठिकाणी टिचकी मारा, झाला तक्ता. माझी तक्रार या चार ओळींविषयी आहे. कळ कोठे आहे ते त्या सांगतात. ती दाबल्यावर माहितीचे काय होते ते सांगत नाहीत.

तक्त्यात आकड्याचा अर्थ त्याच्या जागेवरून ठरतो. ३८ हा आकडा 'गुरुवार' या स्तंभात असेल तर तो गुरुवारचा पाऊस. मजकुरात स्तंभ नसतात, नुसती एकामागून एक अक्षरे असतात. म्हणून एक चौकट संपून दुसरी सुरू होते तेथे खूण ठेवावी लागते : टॅब, स्वल्पविराम, परिच्छेदाचा शेवट किंवा आपण निवडू ते चिन्ह. सगळी भिस्त या खुणेवर. तीच खूण मजकुरात दुसऱ्या कामासाठी आली की घोटाळा झालाच.

स्वल्पविराम येथे नापास होतो. १,२५,००० या एका संख्येच्या तीन चौकटी होतात : १, २५ आणि ०००. पत्त्यांचीही तीच गत. परिच्छेदाची खूण घेतली तर तक्त्याची ओळ कोठे संपली हेच कळत नाही. परत तक्ता करताना स्तंभ किती ते आपणच सांगायचे. टॅब त्यातल्या त्यात बरा. आस्की संकेतातले हे ९ क्रमांकाचे चिन्ह म्हणजे टंकयंत्रावर तक्ते मांडायच्या कळीचा वारसा. चौकटीच्या आतल्या मजकुरात ते क्वचितच येते.

तरीही मला तो महाग पडला. एका शाळेतील मुलांनी रोज मोजलेल्या पावसाचा सोमवार ते शनिवार असा तक्ता माझ्याकडे आला. मी त्याचा टॅब घातलेला मजकूर केला. काही ठिकाणी दोन टॅब शेजारी दिसले. टंकलेखनाची चूक समजून मी सगळीकडे दोनाचा एक करून टाकला. ते दोन टॅब म्हणजे रिकामी चौकट होती! परत तक्ता केला तेव्हा गुरुवारचे ३८ मिलिमीटर बुधवारखाली सरकले आणि शनिवार रिकामा राहिला. संगणकाने चकार शब्द काढला नाही. त्याच्या दृष्टीने सारे ठीक होते. काही आठवड्यांत ओढ्याचे पाणी पावसानंतर एक दिवसाने चढते असे दिसू लागले, आणि मी त्याची कारणेही शोधली : जमिनीतली ओल, उतार, झाडोरा. मुलांची मूळ वही मागवल्यावर उलगडा झाला. 'बुधवार, नागपंचमी, सुट्टी.' (खरे तर गुरुवारी मोजलेला पाऊस दोन दिवसांचा होता. तेही वहीत लिहिलेले होते.)

अशी फसगत एकट्या माझीच होते असे नाही. 'सेप्ट २' या जनुकाचे नाव स्प्रेडशीटमध्ये २ सप्टेंबर ही तारीख होऊन बसे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांशांत अशा चुका आढळल्या. २०२० मध्ये नामकरण समितीने अशा जनुकांची नावेच बदलली. यंत्र सुधारण्यापेक्षा जनुकाचे बारसे पुन्हा करणे सोपे ठरले.

तेव्हा वर्गात हे शिकवताना मेनूपेक्षा खुणेवर वेळ घालवावा. रिकाम्या चौकटीत 'मोजले नाही' असे लिहायला लावावे. शून्य नको, कारण शून्य हे मोजमाप आहे. मग मुलांनी एखाद्या तक्त्याची प्रत घेऊन तिचा मजकूर करावा, मजकुराचा पुन्हा तक्ता करावा आणि मूळ तक्त्याशी चौकट न् चौकट ताडून पाहावी. तक्त्यात दोन चौकटी जोडून केलेले एखादे मोठे शीर्षक मुद्दाम ठेवावे. ते जोडलेले परत येत नाही, हे त्यांना पहिल्याच खेपेस दिसेल.