‘गुंतागुंत’ आणि ‘कळणे’ : कणयुग्मांच्या प्रयोगांची मराठी

पुंजयामिकीतील कणयुग्मांच्या प्रयोगांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात दोन शब्दयोजना वारंवार आढळतात. कणांच्या परस्परसंबद्ध अवस्थेस ‘गुंतागुंत’ म्हणणे ही पहिली. एका कणाचे मापन होताच दुसऱ्यास ते ‘तत्क्षणी कळते’ असे सांगणे ही दुसरी. पहिली सैल आहे. दुसरी, माझ्या मते, चुकीची आहे.

श्रोडिंगरने १९३५ मध्ये योजलेला जर्मन शब्द ‘फेरश्रेंकुंग’. छातीशी बांधलेल्या हातांनाही त्या भाषेत याच धातूपासून बनलेले विशेषण लागते. आपल्या शाळेतील ‘हाताची घडी’च ती. मराठीतील ‘गुंता’ मात्र सोडवावयाचा असतो. कणयुग्माची अवस्था एकत्रितपणे नेमकी सांगता येते. एकेकट्या कणाची तेवढी सांगता येत नाही. म्हणून ‘गुंफण’ हा शब्द मला अधिक जवळचा वाटतो. तोही निर्दोष नव्हे, कारण गुंफलेल्या फुलांना आपापले रूप असते.

‘कळते’चा दोष याहून गंभीर आहे. प्रत्येक कण आपली उत्तरे आरंभापासून बाळगतो आणि दूरचे मापन त्यांत ढवळाढवळ करीत नाही असे मानले, तर सहसंबंधांवर मर्यादा पडते, हे बेलने १९६४ मध्ये दाखविले. या असमतेच्या १९६९ मधील रूपात ती मर्यादा २ आहे. पुंजयामिकी सुमारे २.८३ पर्यंत जाऊ देते. फ्रीडमन व क्लाउझर यांनी १९७२ मध्ये कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या प्रकाशकणांच्या जोड्या तपासल्या. आस्पे व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रकाशकण वाटेत असतानाच मापनाची दिशा बदलण्याची सोय केली. डेल्फ्ट येथे २०१५ मध्ये १.३ किलोमीटर अंतरावरील इलेक्ट्रॉनांसाठी २.४२ ही संख्या मिळाली. मर्यादा ओलांडली गेली खरी. पण निरोप कोठेही पोहोचला नाही. एका टोकाची नोंद नुसती पाहिल्यास ती नाणेफेकीसारखी यादृच्छिक दिसते. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तरच संबंध उमटतो. मराठीत ‘कळणे’ या क्रियापदाला चतुर्थ्यन्त अनुभवक लागतो. ‘कणाला कळले’ म्हणताच आपण कणास जाणीव आणि निरोप, दोन्ही बहाल करतो. (हाताची घडी घातलेल्या मुलाच्या तोंडावर बोटही असते, हे येथे सोयीचे ठरावे.)

पुण्यातील उदाहरण वेगळ्या कारणाने बोधप्रद आहे. पाषाण येथील ‘आयसर’मध्ये अणुकेंद्रांच्या स्पिनवर लेगेट–गर्ग असमतेची कसोटी घेण्यात आली, तिचा वृत्तान्त २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ही असमता १९८५ ची. तिच्यात दूरस्थ जोडी नसते. एकाच स्पिनच्या निरनिराळ्या क्षणींच्या अवस्थांची तुलना असते. तेव्हा ‘गुंतागुंत’ काय किंवा ‘गुंफण’ काय, दोन्ही शब्द येथे गैरलागू होत. मापन न केलेल्या क्षणीही स्पिन एका विशिष्ट अवस्थेत ‘होता’, आणि मापनाने त्यास धक्का लागत नाही, ही गृहीतके येथे पणाला लागतात. प्रयोगात मर्यादेचे उल्लंघन आढळले. भूतकाळ टाळून ‘मापन केले असते तर अमुक आढळले असते’ असा संकेतार्थ योजला, तरी अनुवादकाची सुटका होत नाही. उत्तर आधीच ठरलेले होते असे तोही गृहीत धरतो.