वास्तव की आभासी? ‘प्रतिमा’ या शब्दाची झाडाझडती

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी, असदगडापासून फार दूर नाही अशा एका जुन्या घरात रस्त्याकडची एक खोली आहे. तिच्या खिडकीच्या फळीतली गाठ निघून वाटाण्याएवढे भोक पडले आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन निघालेल्या कावडी राजराजेश्वराकडे जाऊ लागल्या, की खिडकी-दार लावून मी मुलांना त्या खोलीत बसवतो. समोरच्या चुना दिलेल्या भिंतीवर सगळी मिरवणूक उलटी चालते. घागरी खाली, पाय वर. रस्त्यावर पूर्वेकडे निघालेली कावड भिंतीवर पश्चिमेकडे जाते. सूचिछिद्र कॅमेऱ्यासाठी खोके, काळा कागद, सुई असा खटाटोप करावा लागत नाही. आपणच खोक्यात बसलेले असतो.

अशाच एका वेळी नववीतल्या एका मुलाने विचारले, “सर, हे प्रतिमा वास्तव का आभासी?” मी म्हणालो, “भिंतीवर पडली ना? मग वास्तव.” त्याने लगेच पुढचा प्रश्न टाकला, “मंग भूगोलाच्या पुस्तकातली उपग्रहाची प्रतिमा?”

मुले हसली. मीही हसलो, आणि हसून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर मात्र लक्षात आले, की प्रश्न अजिबात हसण्यासारखा नव्हता. एवढेच नव्हे, तर पहिल्या प्रश्नाला मी दिलेले उत्तरही कच्चे होते.

प्रकाशाच्या धड्यात आपण शिकवतो की वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेले किरण परावर्तनानंतर किंवा अपवर्तनानंतर ज्या बिंदूत एकत्र येतात, किंवा जिथून आल्यासारखे भासतात, तिथे त्या बिंदूची प्रतिमा असते. किरण खरोखर भेटले तर वास्तव, नुसते भेटल्यासारखे वाटले तर आभासी. व्याख्या चोख आहे. पण खिडकीच्या भोकात ना परावर्तन होते, ना अपवर्तन, आणि किरण भेटत तर कुठेच नाहीत. घागरीच्या काठावरच्या एका बिंदूपासून निघालेले किरण भोकातून येतात आणि पुढे पसरतच जातात. भोक ६ मिलिमीटरचे, माणूस भोकापासून ६ मीटरवर आणि भिंत ३ मीटरवर असेल, तर त्या एका बिंदूचा भिंतीवर सुमारे ९ मिलिमीटरचा ठिपका होतो. अशा असंख्य ठिपक्यांची एकमेकांवर पडलेली गर्दी म्हणजे भिंतीवरची कावड. म्हणूनच ती पुसट असते. १.६ मीटर उंचीचा माणूस तिथे ०.८ मीटरचा दिसतो, हे मुले पट्टीने मोजू शकतात. पण भिंत पुढेमागे सरकवून ते चित्र ‘नेमके’ करता येत नाही, कारण किरण एकत्र येतात अशी जागाच नाही. भिंगाने पडद्यावर घेतलेल्या प्रतिमेला अशी जागा असते. पुस्तकाच्या व्याख्येने पाहिले तर आमच्या भिंतीवरच्या कावडीला प्रतिमा म्हणता येत नाही. तरीही दोन्हींना आपण एकच शब्द लावतो आणि पुढे सरकतो.

हा शब्द आला कुठून? इंग्रजीत इमेज हा शब्द अतोनात राबवलेला आहे. आरशातले रूप, पडद्यावरचे चित्र, गणितात फलनाने मिळणारी किंमत, कवितेतली कल्पना, पुढाऱ्याची लोकांमधली पत, संगणकावरची फाईल, सगळे इमेज. इंग्रजांना त्याचे काही वाटत नाही; संदर्भाने भागते. आपण परिभाषा घडवताना मात्र त्या सगळ्या ठिकाणी सरसकट ‘प्रतिमा’ बसवला. त्यामुळे आपला विद्यार्थी विज्ञानाच्या तासाला आभासी प्रतिमा काढतो, भूगोलाच्या तासाला उपग्रह प्रतिमा वाचतो, मराठीच्या तासाला कवितेतील प्रतिमा ओळखतो आणि घरी वर्तमानपत्रात कोणाची तरी प्रतिमा मलिन झाल्याचे वाचतो. (ती कोणत्या भिंगाने मलिन होते, हेही एकदा विचारून झाले आहे.)

मराठीत शब्दांचा दुष्काळ होता म्हणून हे झाले असे म्हणवत नाही. आरशात किंवा विहिरीच्या पाण्यात दिसते ते प्रतिबिंब, हे घरातली आजीही सांगते. कागदावरचे चित्र, उन्हात पडते ती सावली, कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र, भूमितीतली आकृती, मातीवर उमटतो तो ठसा. या प्रत्येक शब्दात ती गोष्ट कशी तयार झाली याची खूण आहे. ‘प्रतिमा’ या शब्दात ती खूण उरलेली नाही. खरे तर मूळ अर्थ पाहिला तर त्यातही होती. संस्कृत ‘मा’ म्हणजे मोजणे. प्रमाण, परिमाण हे शब्द त्याच धातूचे. प्रतिमा म्हणजे मापाबरहुकूम केलेली प्रतिकृती, आणि म्हणून मूर्ती. गंमत अशी, की ज्या आरशाच्या धड्यात हा शब्द आपण सर्वांत जास्त वापरतो तिथे तो सर्वांत कमी शोभतो, आणि उपग्रहाला मात्र चपखल बसतो.

कारण उपग्रहाकडून येते ते मोजमापच. त्याच्या दुर्बिणीत संवेदकावर वास्तव प्रतिमा पडते, हे त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर. पण ती तिथेच संपते. खाली येतात ते आकडे: जमिनीच्या अमुक चौकटीतून अमुक रंगाचा प्रकाश किती परत आला. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याची अशी चौकट, म्हणजे पिक्सेल, ७२.५ मीटर बाजूची होती. एका चौकटीत सव्वा एकराहून थोडे अधिक शेत मावे. लँडसॅटची चौकट ३० मीटरची, तर सेंटिनेल-२ ची १० मीटरची. म्हणजे एका एकरात सुमारे चाळीस चौकटी. त्या आकड्यांना कोणते रंग द्यायचे हे माणूस ठरवतो.

इथे मुले फसतात. तक्त्यावर वऱ्हाडातला खरिपाचा प्रदेश लालभडक दिसला की “पीक जळालं” म्हणतात. वस्तुतः हिरवी पाने जवळचे अवरक्त किरण भरपूर परतवतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून त्यांना लाल रंग देण्याचा प्रघात आहे. जितके लाल तितके पीक हिरवे. याउलट जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले, ते काठावर उभ्या माणसालाही गुलाबीच दिसत होते आणि लँडसॅटच्या नैसर्गिक रंगातल्या चित्रातही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यामागे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव आढळले. एका ठिकाणी रंग निसर्गाचा, दुसऱ्या ठिकाणी रंग संकेताचा. दोन्हींखाली छापलेले असते ‘उपग्रह प्रतिमा’.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत उपग्रहावरून काढलेला वनस्पती निर्देशांक हा एक निकष आहे. अवरक्त आणि तांबडा यांच्या परावर्तनातील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की तो मिळतो. समजा पिकाचे आकडे ०.५ आणि ०.१ आहेत, तर ०.४ भागिले ०.६, म्हणजे ०.६७. उघड्या काळ्या जमिनीचे ०.१५ आणि ०.१० धरले तर ०.२. आठवीच्या मुलाला जमेल असे हे गणित. पण ते पानांचा हिरवेपणा सांगते, बोंडातला कापूस नाही. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा म्हणाले होते, “पऱ्हाटी हिरवीगार हाय, सर. बोंड फोडून पाहा, आत काई नाई.” आकाशातून ते शेत उत्तम दिसले असते. अळी पानाला हात न लावता बोंडात शिरते; तिथे बांधावर जाऊन बोंडे फोडणारा माणूसच लागतो. उपग्रहाच्या आकड्यांना जो छायाचित्र समजतो त्याला हे सुचणार नाही. तो म्हणेल, फोटोत तर पीक दिसते आहे.

मग शब्द बदलावेत का? आरशापुरते प्रतिबिंब परत आणावे असे माझे मत आहे. मुले तो शब्द घरून घेऊनच येतात. भिंगाच्या बाबतीत अडचण आहे. वाचनभिंगातून दिसणारी मोठी अक्षरे परावर्तनाने येत नाहीत, त्यांना प्रतिबिंब म्हणणे बरोबर होणार नाही. तिथे प्रतिमा राहू द्यावी. उपग्रहाच्या तक्त्याखाली मात्र कोणत्या किरणांना कोणता रंग दिला आहे आणि चौकट किती मीटरची आहे, हे दोन ओळींत छापायलाच हवे. नकाशाला प्रमाण आणि सूची नसेल तर आपण गुण कापतो. या तक्त्याला ती सवलत का?

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. त्याने ते वहीत लिहून घेतले आणि विचारले, “परीक्षेत हे लिहिलं तर मार्क भेटतील का?”