कडू झऱ्याचे गाव : सिलोने यांच्या 'फोंतामारा'विषयी

युरोपातील ख्रिस्ती साहित्य म्हटले की आपल्यासमोर बहुधा दोन प्रकारची पुस्तके येतात. एक संतचरित्रे, आणि दुसरी श्रद्धा व संशय यांच्या झगड्यात सापडलेल्या सुशिक्षित मनांच्या कादंबऱ्या. ज्यांना लिहितावाचता येत नाही, ज्यांच्या प्रार्थना आईच्या तोंडून ऐकून पाठ झालेल्या असतात आणि ज्यांची सारी चिंता उद्याच्या भाकरीची व शेताच्या पाण्याची असते, त्यांना केंद्रस्थानी ठेवणारी थोर कादंबरी क्वचितच हाती लागते. इग्नात्सियो सिलोने या इटालियन लेखकाची 'फोंतामारा' ही अशी एक कादंबरी. कॅथलिक कुटुंबात ती वाचली जावी काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. कारण तिच्यातील धर्मगुरूचे चित्र लाजिरवाणे आहे, तिचा लेखक एके काळी इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या चारित्र्याविषयी गंभीर आरोप झाले. या तिन्ही आक्षेपांना सामोरे जाऊनच आम्ही आमचे मत मांडू इच्छितो.

फोंतामारा म्हणजे कडू झरा. या नावाचे गाव नकाशावर सापडणार नाही. परंतु ज्या मातीतून ते उभे राहिले ती माती खरी आहे. मध्य इटलीत, रोमच्या पूर्वेस, आब्रुत्सोच्या डोंगरांत मार्सिका नावाचा प्रदेश आहे. त्याच्या मधोमध फुचिनो नावाचे विस्तीर्ण सरोवर होते. आलेस्सान्द्रो तोर्लोनिया या धनाढ्य सरदाराने डोंगरातून बोगदा काढून ते आटवले. १८७०च्या दशकात हे काम पुरे झाले आणि सुमारे १४,००० हेक्टर सुपीक जमीन उघडी पडली. ती जमीन तोर्लोनिया घराण्याची झाली. डोंगरउतारावरच्या गावांतील शेतकरी वर आपली खडकाळ पट्टी कसत आणि पोट भरेना म्हणून खालच्या काळ्या मातीत दुसऱ्यासाठी राबत. कसणाऱ्यांच्या नावावर ती जमीन चढायला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जमीन सुधारणेची वाट पाहावी लागली.

याच प्रदेशातील पेशिना गावी १ मे १९०० रोजी सिलोने यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव सेकोन्दिनो त्रांक्विल्ली. १३ जानेवारी १९१५ रोजी झालेल्या भूकंपाने मार्सिका उद्ध्वस्त केली. सुमारे ३०,००० माणसे दगावली, आणि त्यांत सिलोने यांची आई होती. अनाथ मुलांना गोळा करीत त्या ढिगाऱ्यांतून फिरणाऱ्या एका धर्मगुरूने या मुलालाही आपल्या छत्राखाली घेतले. ते होते दोन लुईजी ओरिओने, ज्यांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ साली संतपद दिले. सिलोने यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत आगगाडीच्या एका प्रवासाचे वर्णन येते. या धर्मगुरूने मुलाचे ओझे स्वतः उचलले, आणि मुलाने मुद्दाम डिवचण्यासाठी समाजवादी वर्तमानपत्र मागितले तेव्हा तेही मुकाट्याने आणून दिले. फोंतामारातील धर्मगुरूवर रागावण्यापूर्वी वाचकाने हे ध्यानात ठेवावे. खरा मेंढपाळ कसा असतो हे लेखकाने पाहिले होते; खोट्याची चीड त्याला त्यामुळेच आली.

सिलोने १९२१ साली कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत सहभागी झाले. स्टालिनच्या हुकूमशाहीचे रूप दिसल्यावर त्यांचे पक्षाशी बिनसले व १९३१ साली पक्षाने त्यांना काढून टाकले. देशाबाहेर, आजारी आणि एकाकी अवस्थेत, स्वित्झर्लंडमधील दावोस येथे त्यांनी 'फोंतामारा' लिहिली. १९३३ साली ती प्रथम जर्मन अनुवादाच्या रूपाने झुरिक येथे प्रसिद्ध झाली. ज्या देशाची ती कथा, त्या देशात ती उघडपणे वाचता आली फॅसिस्ट राजवट कोसळल्यानंतरच.

कथानक थोडक्यात सांगता येईल. गावातील विजेचे दिवे एके दिवशी बंद होतात, कारण बिल कोणी भरलेले नाही. पाठोपाठ एक सरकारी माणूस कोऱ्या कागदावर सह्या मागायला येतो. कर बसणार नाही एवढी खात्री मिळताच लोक सह्या देतात. त्या कागदावर नंतर असे लिहिले जाते की, गावाचा ओढा वळवून एका बड्या उद्योजकाच्या जमिनीकडे नेण्यास ग्रामस्थांची संमती आहे. बायका तक्रार घेऊन शहरात जातात, तेव्हा तोच उद्योजक नगराचा अधिकारी झालेला असतो. दोन चिर्कोस्तान्झा हा स्वतःला जनतेचा मित्र म्हणवणारा वकील तोडगा काढतो : पाण्याचा तीनचतुर्थांश भाग उद्योजकाला, आणि उरलेल्याचा तीनचतुर्थांश भाग गावाला. दोघांनाही तीनचतुर्थांश! न्याय किती समान! ही व्यवस्था पन्नास वर्षांची ऐकून लोक खवळतात, तेव्हा वकील मुदत बदलून 'दहा लुस्त्रे' करून देतो. लुस्त्रो म्हणजे पाच वर्षांचा काळ, हे त्या निरक्षरांना कोण सांगणार?

आमच्या मते या कादंबरीचे खरे सामर्थ्य येथे आहे. सिलोने यांनी दाखवलेला अन्याय बहुतेक वेळा तलवारीने होत नाही, तो भाषेने होतो. शहराची भाषा, कायद्याची भाषा, हिशेबाची भाषा ही गरिबाला कळू नये म्हणूनच जणू घडवलेली आहे. गावातील तिघेजण, नवरा, बायको आणि त्यांचा मुलगा, एका रात्री परदेशात लेखकाच्या दारी येऊन आळीपाळीने ही हकिगत सांगतात अशी रचना आहे. ते साधेपणाने सांगतात, उपमांचा सोस करीत नाहीत, स्वतःच्या अडाणीपणावर हसतात. ज्यांना कोरा कागद देऊन फसवले, त्यांच्याच तोंडी लेखकाने सारे पुस्तक दिले आहे. ओढ्याच्या वा विहिरीच्या पाण्यावरून गावात तंटे झालेले ज्या वाचकांनी पाहिले आहेत, त्यांना या पानांवर परके असे काही वाटणार नाही.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. गावाचा धर्मगुरू दोन आबाक्कियो मोठ्यांच्या पंक्तीला बसतो आणि गरिबांना सहनशीलतेचा उपदेश करतो. आबाक्कियो म्हणजे कोवळ्या कोकराचे मांस. मेंढपाळाला दिलेले हे नावच पुरेसे बोलके आहे. त्याहून तिखट आहे मिकेले झोम्पा या वृद्ध शेतकऱ्याने सांगितलेले स्वप्न. १९२९ साली मुसोलिनीचे सरकार आणि पोप यांच्यात करार झाला, त्यानंतरचे हे स्वप्न. क्रूसावरचा ख्रिस्त शेतकऱ्यांना या कराराप्रीत्यर्थ काही देऊ पाहतो : जमीन, करमाफी, भरघोस पीक. प्रत्येक वेळी पोप अदबीने एखाद्या श्रीमंताची अडचण पुढे करतात. शेवटी दोघे रात्री मार्सिकावरून फिरतात, ख्रिस्ताच्या पाठीवर झोळी असते. आणि गरिबांच्या वाट्याला त्या झोळीतून उवा येतात, म्हणजे रिकामपणी त्यांना खाजवण्याचा उद्योग राहील.

हा प्रसंग वाचताना भाविक मनाला धक्का बसतो हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हे स्वप्न नीट वाचले असता एक गोष्ट दिसते : ख्रिस्तावर त्यात अविश्वास कोठेच नाही. उलट ख्रिस्त देऊ इच्छितो, त्याचे मन शेतकऱ्यांसाठी तुटते, याविषयी त्या म्हाताऱ्याला यत्किंचितही शंका नाही. त्याचे दुःख हे की, मधले हात देऊ देत नाहीत. ही नास्तिकाची थट्टा नव्हे. संदेष्ट्यांनी देवाच्या नावाने चरणाऱ्या मेंढपाळांना जे सुनावले, त्याच जातीची ही वाणी आहे.

मात्र कादंबरीत उणिवा आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. उद्योजक, वकील, धर्मगुरू ही सारी पात्रे ठोकळेबाज आहेत. त्यांच्या मनात कधी घालमेल होत नाही, त्यांना रात्री झोप लागते की नाही हे कळत नाही. व्यंगचित्रात हे चालते. परंतु ज्या कादंबरीने शेतकऱ्यांना इतके जिवंत केले, तिने शत्रूलाही माणूस म्हणून पाहायला हवे होते. नायक बेरार्दो व्हियोला याची गोष्ट वेगळी. तो बलदंड, तापट, जमीन गमावलेला. एल्व्हिराशी लग्न करायचे तर हाती जमीन हवी, म्हणून तो गावाच्या लढ्याकडे पाठ फिरवून रोमला कामाच्या शोधात जातो. तेथे पकडला गेल्यावर, ज्याच्या शोधात पोलीस आहेत तो अज्ञात बंडखोर मीच, असे खोटेच कबूल करून तो कोठडीत छळ सोसून मरतो. दुसऱ्यासाठी प्राण देण्याचा हा क्षण सुवार्तेच्या प्रकाशात उजळून निघतो. इकडे एल्व्हिराने मरियामातेच्या तीर्थाला जाऊन त्याच्यासाठी स्वतःचा जीव देऊ केलेला असतो, आणि तीही मरण पावते. लेखकाने पक्षाच्या कार्यकर्त्यासाठी लिहायला घेतलेली कथा शेवटी बलिदानाची कथा होते, ती या दोघांमुळे.

धर्मगुरूच्या चित्राची भरपाई सिलोने यांनी पुढे स्वतःच केली. १९३६ साली आलेल्या आणि १९५५ साली 'द्राक्षरस आणि भाकर' या नव्या शीर्षकाने सुधारून काढलेल्या कादंबरीत दोन बेनेदेत्तो हा वृद्ध धर्मगुरू आहे. सत्तेपुढे मान न तुकवल्याने तो बाजूला टाकला जातो आणि मिस्साच्या प्याल्यातील विषाने मरतो. दोन आबाक्कियो ज्याने लिहिला त्याच हाताने हा लिहिला. याच कादंबरीत लुईजी मुरिका नावाचा तरुण आहे. तो पोलिसांना बातम्या पुरवीत असे. पुढे पश्चात्ताप होऊन तो सारे कबूल करतो आणि पोलिसांच्या हातून हाल होऊन मरतो. त्याचा बाप शोकाला आलेल्यांना घरची भाकर आणि द्राक्षरस वाटतो. मिस्साबलिदानाची इतकी हृद्य छाया आधुनिक कादंबरीत आम्ही क्वचितच पाहिली आहे.

मुरिकाचे हे पात्र आज वेगळ्या नजरेने वाचावे लागते. सिलोने १९७८ साली वारले. १९९०च्या दशकात दारिओ बिओक्का आणि माउरो कानाली या इतिहास संशोधकांनी पोलीस दप्तरांतील कागद पुढे आणून असा दावा केला की, सिलोने स्वतःच तरुणपणी फॅसिस्ट पोलिसांना माहिती देत होते. त्यांचा धाकटा भाऊ रोमोलो १९२८ साली पकडला गेला होता आणि १९३२ साली तुरुंगात मेला, हेही या प्रकरणाचे एक अंग. काही अभ्यासकांनी हा दावा अमान्य केला. वाद मिटलेला नाही. आम्ही येथे न्यायाधीश होऊ इच्छित नाही. परंतु दावा खरा मानला तरी पुस्तक टाकाऊ ठरते, असे आम्हांस वाटत नाही. पेत्राने तीन वेळा नाकारले, आणि ही गोष्ट सुवार्तिकांनी गाळली नाही. पाप्याच्या हातून आलेले सत्य असत्य होत नाही, ही तर ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे; संस्कारांबाबत आपण ती मानतोच. एखाद्या माणसाने आपली जखम मुरिकाच्या रूपाने जगापुढे ठेवली असेल, तर ती वाचताना आपला स्वर खाली यावा हेच उचित.

सिलोने स्वतःस ख्रिस्तसभेविना ख्रिस्ती म्हणत. हे आपणांस पटणारे नाही. ख्रिस्ताला त्याच्या मंडळीपासून वेगळे काढता येते असे आम्ही मानीत नाही. तरीही १९६८ सालचे त्यांचे नाटक पोप सेलेस्तिन पाचवे यांच्यावर असावे, हे अर्थपूर्ण आहे. आब्रुत्सोच्याच डोंगरातील हा तपस्वी १२९४ साली पोप निवडला गेला आणि सत्तेच्या व्यवहारात जीव रमेना म्हणून त्याच वर्षी त्याने पद सोडले. २००९च्या भूकंपानंतर पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी लाक्विला येथे त्यांच्या समाधीवर आपला पालियम ठेवला, आणि २०१३ साली स्वतः पदत्याग केला. मंडळीतील नम्रतेची जी परंपरा सिलोने बाहेर उभे राहून शोधीत होते, ती आतही जिवंत होती. सिलोने यांच्या इच्छेनुसार त्यांना पेशिना येथे जुन्या घंटाघराच्या पायथ्याशी पुरले आहे. भिंतीवर लोखंडी क्रूस आहे आणि समोर फुचिनोचे मैदान.

आमचे मत असे की, ही कादंबरी घरात आणावी आणि मोठ्या मुलांनी आईवडिलांसोबत वाचावी. तिच्यात स्त्रियांवरील अत्याचाराचा एक प्रसंग आहे, तेव्हा ती लहानांच्या हाती देऊ नये. दोन आबाक्कियोवर चिडावे जरूर. पण त्याच वेळी, कोरा कागद पुढे आला असता आपण काय वाचतो, आणि दुसऱ्याच्या पाण्याचा हिशेब होताना आपण कोणाच्या पंक्तीला बसलेलो असतो, हेही आपापसांत बोलावे. गावकरी शेवटी एक हस्तलिखित वर्तमानपत्र काढतात, त्याचे नाव 'काय करायचे?' असे ठेवतात, आणि त्यापायी गाव बेचिराख होते. त्या प्रश्नाला कादंबरी उत्तर देत नाही. ते प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या परीने द्यावयाचे आहे.