‘सगळ्यांना सगळं’ : परवानगी, अधिकार आणि ऑफिसातला कॉम्प्युटर

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं की, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकण्याबद्दल बोलायचं म्हणजे काय? आमचं उत्तर सोपं आहे. हे दुखणं वरून तांत्रिक दिसतं, पण त्याच्या मुळाशी ‘अधिकार’ हा शब्द आहे, आणि त्या शब्दाशी आमची जुनी ओळख आहे.

दुखणं तुमच्याही ओळखीचं असेल. हिशेबाचं, पगारपत्रकाचं किंवा बिलांचं नवं सॉफ्टवेअर आणलं, टाकायला घेतलं, आणि अर्ध्यावर पडद्यावर ओळ आली : ‘ॲक्सेस इज डिनाइड’. प्रवेश नाकारला. किंवा असं होतं की सॉफ्टवेअर नीट बसतं, साहेबांच्या लॉगिनमध्ये चालतं, आणि हिशेब लिहिणाऱ्या बाईंनी उघडलं की बंद पडतं. मग फोन जातो. समोरून ठरलेलं औषध येतं. फोल्डरवर राइट क्लिक करा, ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ द्या. नाहीतर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. तेही नको असेल तर बाईंनाच ॲडमिनिस्ट्रेटर करून टाका. काम सुरू होतं, फोन ठेवला जातो. आमची आजची टीका या औषधावर आहे. घरात कोण आलं हे विचारणाऱ्या राखणदारालाच आपण घरी पाठवतो, आणि म्हणतो, बघा, आता कुणी अडवत नाही!

आधी त्या ओळीकडेच बघू. ‘प्रवेश नाकारला’ या वाक्यात कर्ता नाही. कुणी नाकारला, कुणाला नाकारला, कशात जायचं होतं, काय करायला जायचं होतं, यातलं काहीच सांगितलेलं नाही. विंडोजच्या आत तर या नकाराला नुसता ५ हा आकडा आहे. पण गंमत अशी की आत निर्णय फार नेमका झालेला असतो. प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला एक यादी चिकटलेली असते. कोणत्या खात्यानं किंवा गटानं ती वाचावी, तीत लिहावं, ती पुसावी, हे त्या यादीत असतं. चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामजवळ तो कुणाच्या नावानं चालला आहे याचं ओळखपत्र असतं. ओळखपत्र आणि यादी ताडून बघितली जाते, मगच हो किंवा नाही. म्हणजे आत चार गोष्टी ठाऊक असतात आणि बाहेर एकही सांगितली जात नाही. परक्याला नकाराचं सविस्तर कारण देणं म्हणजे कुलपाची बनावट सांगणं, असा याचा बचाव केला जातो. परक्यापुरता तो आम्हाला मान्य आहे. पण हिशेब लिहिणाऱ्या बाई परक्या नाहीत. त्यांना निदान कोणत्या फाइलीवर अडलं एवढं तरी कळायला हवं.

आता आमच्या शास्त्राकडे येऊ. वेदान्ताच्या ग्रंथांत सुरुवातीला चार गोष्टी सांगायची रीत आहे : अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. सदानंदाच्या ‘वेदान्तसारा’त ही चौकट स्पष्ट मांडली आहे. तिथे अधिकारी म्हणजे हुद्देदार नव्हे. त्या विषयाला जो पात्र आहे तो. संबंध म्हणजे ग्रंथ आणि त्याचा विषय यांच्यातलं नातं. आम्ही तो शब्द इथे जरा वाकवून ‘कृती’ या अर्थी घेतो. परवानगीचं कोणतंही दुखणं या चार प्रश्नांत मांडता येतं, आणि एकदा मांडलं की ते पुष्कळसं उलगडतं.

पहिला प्रश्न, अधिकारी कोण? म्हणजे सॉफ्टवेअर नक्की कुणाच्या नावानं चाललंय? इथे फार घोटाळे होतात. समजा, बाईंचं खातं साधं आहे आणि कॉम्प्युटरवाल्या मुलानं त्यांच्याच टेबलावर बसून, स्वतःचं नाव आणि पासवर्ड घालून सॉफ्टवेअर टाकलं. त्या क्षणी टाकणारा प्रोग्राम त्या मुलाच्या नावानं चालतो. मग वैयक्तिक सेटिंग्ज, कधी कधी डेस्कटॉपवरचं चित्रही, त्या मुलाच्या खात्यात जाऊन बसतं. बाई सकाळी येतात आणि म्हणतात, ‘काल तर टाकलं होतं ना!’ दुसरा घोटाळा झेड ड्राइव्हचा. सर्व्हरवरचा फोल्डर झेड म्हणून जोडलेला असतो, एरवी दिसतो, पण ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलं की सॉफ्टवेअर म्हणतं, झेड नाहीच. कारण वाढीव अधिकारानं चालणारा प्रोग्राम वेगळ्या लॉगिन-सत्रात असतो आणि झेडची जोडणी दुसऱ्या सत्रात झालेली असते. म्हणजे ज्याला औषध म्हणून दिलं त्यानंच नवा आजार झाला. तिसरा, डेटाबेसचा. डेटाबेसचं इंजिन पडद्यामागे बहुधा स्वतःच्या वेगळ्या खात्यानं चालतं. तुम्ही बाईंना कितीही परवानग्या द्या, फाइल उघडणारा भलताच कुणी असतो आणि त्याचं नाव यादीत नसतं.

दुसरा प्रश्न, विषय कोणता? म्हणजे कोणती फाइल, कोणता फोल्डर? पुष्कळ जुनी सॉफ्टवेअर आपला डेटा ‘प्रोग्राम फाइल्स’मध्येच ठेवतात. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये ते खपून जायचं, कारण तिथे फाइलींना अशा याद्याच नव्हत्या. २००१ साली एक्सपी आलं. तिथे याद्या होत्या, पण बसवताना तयार होणारी खाती सर्रास ॲडमिनिस्ट्रेटरची असत, त्यामुळे सवय मोडली नाही. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा सगळ्यांच्या हातात आलं आणि दर थोड्या वेळानं ‘परवानगी आहे का?’ असं विचारू लागलं. जुनी सॉफ्टवेअर मोडू नयेत म्हणून त्यात एक सोय केली गेली. साध्या खात्यातल्या जुन्या प्रोग्रामनं ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहायचा प्रयत्न केला, तर ते लिखाण गुपचूप त्या माणसाच्या खात्यातल्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या फोल्डरात वळवायचं. प्रोग्रामला वाटतं, काम झालं. पण एकाच कॉम्प्युटरवर सकाळच्या पाळीच्या बाई आणि दुपारच्या पाळीचे गृहस्थ आपापल्या लॉगिनमध्ये काम करत असतील, तर दोघांच्या वह्या वेगळ्या होतात. एकाची पावती दुसऱ्याला दिसत नाही. इथे कुणी नकार दिला नाही, आणि म्हणूनच हा प्रकार नकारापेक्षा वाईट आहे. नकारानं काम थांबतं, पण हिशेब खोटा होत नाही.

तिसरा प्रश्न, संबंध, म्हणजे कृती कोणती? वाचायचं, बदलायचं, की याद्याच बदलायच्या? विंडोजमध्ये ‘मॉडिफाय’ दिलं की वाचता, लिहिता, पुसता येतं. रोजच्या कामाला ते पुरतं. ‘फुल कंट्रोल’मध्ये याशिवाय परवानग्या बदलण्याची आणि मालकी घेण्याची मुभा येते. बिलं करणाऱ्याला ती कशाला हवी? शिवाय नेटवर्कवरच्या फोल्डरला दोन दारं असतात, एक शेअरचं आणि एक डिस्कवरच्या यादीचं. दोन्हींतून जावं लागतं आणि जे जास्त कडक तेच लागू होतं. लोक आतलं दार सताड उघडतात, बाहेरचं ‘फक्त वाचा’वरच राहतं, आणि मग म्हणतात, सगळं दिलं तरी चालत नाही.

चौथा प्रश्न प्रयोजनाचा, आणि तोच कुणी विचारत नाही. ही परवानगी कशासाठी, आणि किती वेळ? सॉफ्टवेअर बसवणं हे एकदाचं काम आहे. त्याला ॲडमिनिस्ट्रेटर लागणं रास्त आहे. वापरणं हे रोजचं काम आहे. त्याला तो लागता कामा नये. लग्नघरी मांडव घालणाऱ्याला भिंतीला खिळे ठोकू देतो, म्हणून पंगतीला बसलेल्या प्रत्येकाच्या हातात कुणी हातोडी देत नाही.

हे आमचं मत आहे असं समजू नका. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली एका प्रदीर्घ निबंधात संगणकातल्या माहितीच्या रक्षणाची आठ तत्त्वं मांडली. त्यांतलं एक असं की प्रत्येक प्रोग्रामनं आणि प्रत्येक वापरणाऱ्यानं काम पुरं करण्यापुरते, कमीत कमी अधिकार घेऊन चालावं. त्याच यादीत आणखी एक तत्त्व आहे, त्याची आठवण कमी ठेवली जाते : रक्षणाची व्यवस्था माणसाला वापरायला सोपी असावी, म्हणजे तो ती सहज आणि बरोबर वापरील. व्हिस्टाला दोष द्यायचा तो या दुसऱ्या तत्त्वावर. इतक्यांदा विचारलं की माणसं न वाचता ‘हो’ म्हणायला शिकली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये ते विचारणं कमी केलं गेलं, पण हात तोवर सवयीचे झाले होते.

जास्तीचा अधिकार काय करतो, याचं उत्तम उदाहरण नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली लिहून ठेवलं आहे. टाइमशेअर नावाची कंपनी मोठ्या संगणकाचा वेळ भाड्यानं देत असे. तिथल्या एका कंपायलरला आपल्या वापराची आकडेवारी नोंदवता यावी म्हणून एका फोल्डरात लिहायची मुभा दिली होती. त्याच फोल्डरात गिऱ्हाइकांच्या बिलांची फाइल होती. एका वापरणाऱ्यानं कंपायलरला सांगितलं, माझी माहिती अमुक फाइलीत लिही, आणि नाव दिलं त्या बिलाच्या फाइलीचं. वापरणाऱ्याला तिथे लिहायचा अधिकार नव्हता, कंपायलरला होता. त्यानं लिहिलं. बिलांची माहिती गेली. कुलूप कुणी फोडलं नाही, किल्ली असलेल्या नोकराकडून काम करून घेतलं, एवढंच.

आता हे आपल्याकडे लावून बघा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या आर्थिक वर्षांसाठी आपल्या देशातल्या कंपन्यांना असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे, की ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. उत्तम नियम आहे. पण ती नोंद ज्या फोल्डरात राहते त्याला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ दिलं असेल तर? सॉफ्टवेअरच्या आत सगळं काटेकोर, आणि बाहेरून कुणीही ती अख्खी फाइल उचलून कालची ठेवू शकतो. उद्या पैशाचा घोळ निघाला की संशय कुणावर जाणार? ज्यांच्या लॉगिनमध्ये काम चालतं, त्या बाईंवर. मोजका अधिकार म्हणजे अविश्वास, असं पुष्कळांना वाटतं. आम्हाला उलट वाटतं. ज्या फाइलीला हात लावणं मला शक्यच नव्हतं, तिच्याबद्दल मला कुणी जाब विचारू शकत नाही. हे कर्मचाऱ्याचं संरक्षण आहे. आणि ईमेलमधून एखादा घातक प्रोग्राम उघडला गेला, तर तो उघडणाऱ्याच्याच अधिकारानं चालतो; अधिकार मोजका असेल तर नुकसानही बऱ्याच अंशी मोजकं राहतं.

एक चिठ्ठी आली आहे : ‘पाच माणसांच्या ऑफिसात एवढं करणार कोण?’ रास्त प्रश्न आहे. एका दुपारचं काम आहे, असं आमचं म्हणणं. बाईंच्याच लॉगिनमध्ये, बाईंच्याच हातून, बिघाड पुन्हा घडवून आणायचा. साहेबांच्या लॉगिनमध्ये तपासून उपयोग नाही. ‘प्रोसेस मॉनिटर’ नावाचं मायक्रोसॉफ्टचं फुकट साधन आहे. ते ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड देऊन चालू करायचं, सॉफ्टवेअर मात्र बाईंच्या साध्या खात्यातच उघडायचं. कोणता प्रोग्राम, कोणत्या नावानं, कोणत्या फाइलीवर, काय करायला गेला आणि नाकारला गेला, हे तिथे ओळीओळीनं दिसतं. आमचे चारांतले तीन प्रश्न तिथेच सुटतात. चौथा, प्रयोजनाचा, माणसानंच सोडवायचा. मग हिशेबवाल्यांचा एक गट करा, फक्त डेटाच्या फोल्डरावर त्या गटाला ‘मॉडिफाय’ द्या, आणि काय दिलं, कशासाठी दिलं, हे वहीत लिहून ठेवा. तपासताना तात्पुरतं जे उघडलं असेल ते त्याच दिवशी बंद करा. आणखी एक पथ्य : डेटाची फाइल त्याच डिस्कवर एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवली तर ती जुनी यादी बरोबर घेऊन येते, कॉपी केली तर नव्या फोल्डराची घेते. जुना डेटा आणताना हे विसरलं की सगळ्या फाइली चालतात, एकच अडते, आणि माणूस चक्रावतो.

शेवटी, दोष सगळा ऑफिसवर टाकणं आम्हाला मान्य नाही. मोठा दोष विकणाऱ्याचा. ज्याच्या माहितीपुस्तिकेत ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच चालवा’ असं लिहिलेलं असतं, त्यानं आपलं अपुरं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातलेलं असतं. तेव्हा पुढच्या वेळी सॉफ्टवेअर घेताना किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. साध्या खात्यात चालतं का? डेटा कुठे ठेवतं? कोणत्या खात्याला, कोणत्या फोल्डरावर, नेमकी कोणती परवानगी लागते? उत्तर लेखी मागा. ‘सगळ्यांना सगळं द्या’ असं उत्तर आलं, तर दुसरा विक्रेता बघा.

आम्ही इथे थांबतो. आणखी चिठ्ठ्या असतील तर द्याव्यात.